लाल पट्ट्याचे धोटे

अकोल्याच्या ज्या गिरणीत माझ्या बापाची उमर गेली, तिथल्या एका दारातून तो कधी आत गेला नव्हता. दाराला कुलूप नव्हतं, वर पाटी नव्हती, पहारेकरी तर मुळीच नव्हता. अंगणाच्या अलीकडे बापाचं मिक्सिंग खातं. तिथं धामणगावकडून आलेल्या रुईच्या गाठी फोडायच्या आणि रुई मोकळी करून पुढं द्यायची. त्याला लागून रिंग खातं, तिथं सूत निघायचं. आणि अंगणाच्या पलीकडे, वीस-पंचवीस पावलांवर, साचेखातं. साचे म्हणजे माग. कापड तिथं विणलं जायचं आणि तिथल्या माणसाला गावात 'साचेवाला' म्हणून मान होता. गाठी फोडणारे आणि सूत काढणारे बहुतेक आमच्या वस्तीतले होते. साचेखात्यात आमचा एकही नव्हता.

कारण विचारलं तर कोणी जातीचं नाव घेत नसे. सगळे एकच सांगत, धोटा.

धोटा म्हणजे वीतभराहून थोडी मोठी लाकडी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि ती ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांतून इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत राहते. कांडी संपली की साचा थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या कुशीतल्या बारीक डोळ्यातून बाहेर घ्यायचं. ते बोटानं निघत नाही. मग विणकर काय करतो, धोटा तोंडाला लावतो आणि श्वास आत ओढतो. सूत सुळकन बाहेर येतं. एका पाळीत हे शंभर-दीडशे वेळा करावं लागतं. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्या माणसाच्या हातात जातो, आणि तोही त्याच डोळ्याला तोंड लावतो. तेव्हा आमचं तोंड लागलेल्या धोट्याला त्यांचं तोंड कसं लागणार, हा सगळा पेच होता.

मला या गोष्टीचा लहानपणापासून राग होता आणि अजूनही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. कारण धोटा फेकणारा पट्टा चामड्याचा असे. म्हशीच्या चामड्याचे ठोकळेही साच्याला असत. विणकर ते दिवसभर हाताळत. ताण्याला जी खळ लावत तिच्यात जनावराची चरबी असे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेली म्हैस चालत होती, जिवंत माणूस चालत नव्हता.

मी मात्र गिरणीत जायचं ठरवलं नव्हतं. अमरावतीला वसतिगृहात राहून मी मॅट्रिक झालो होतो, आणि आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेल्या पोरानं सरकारी कचेरीत जाऊन बसायचं हे ठरलेलंच होतं. सरकारात आमच्यासाठी जागा राखून ठेवल्या होत्या. अमरावतीच्या एका कचेरीत मी अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि धर्माच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बौद्ध लिहिलंस?"

"हो."

"मग राखीव जागा नाही मिळत. नियम आहे. जुनी जात लिही, उद्याच तुझं काम होते." तो माणूस वाईट नव्हता. त्यानं दौत माझ्याकडे सरकवली, टाकही दिला. "एक शब्द खोडायचा आणि एक लिहायचा. कोणाले समजते?"

छप्पन साली नागपूरच्या मैदानावर मी बापाच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. त्या दिवशी तोंडानं जे म्हटलं ते टाकानं खोडायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "मले समजते ना," आणि अर्ज घेऊन बाहेर आलो. बडनेऱ्यापर्यंत आलो तेव्हा छाती फुगलेली होती. अकोल्याला उतरलो तेव्हा लांबच्या रस्त्यानं घर गाठलं, कारण घरी माय काय म्हणेल ते मला माहीत होतं.

माय जिनिंगात सरकी वेचायला जायची. ती म्हणाली, "लय चांगलं केलं. आता तुयाच अर्जाची भाजी करतो." बापानं अर्ज हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिला, मग घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तेव्हा अर्ज खिशातच होता, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

त्याच हंगामात गिरणीनं तिसरी पाळी काढायचं ठरवलं. साचे वाढवले होते, नवी शेड बांधली होती, कापडाला मागणी होती. पण साचे वाढले की सूत जास्त लागतं, आणि सूत निघायला आधी गाठी फुटाव्या लागतात. म्हणजे तिसरी पाळी चालणार की नाही, हे अंगणाच्या अलीकडच्या माणसांच्या हातात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गिरणीला आमची गरज पडली आणि ती आमच्या लोकांच्या बरोबर लक्षात आली. मिक्सिंग आणि रिंग या दोन्ही खात्यांनी मिळून सांगितलं, आमची माणसं तिसऱ्या पाळीला येतील, पण एक मागणं आहे. ते मॅनेजरसमोर मांडायला माझ्या बापाला पुढं केलं. बाप बोलण्यात हुशार होता म्हणून पुढं केलं असं नाही. त्याला राग यायला वेळ लागायचा, म्हणून केलं.

बाप मॅनेजरच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, पगार वाढवा म्हणत नाई. नव्या शेडमंदी चार माणसाच्या जागा आमच्या पोट्ट्याईले द्या. साच्यावर."

मॅनेजर हसला. "ही काय सरकारी कचेरी आहे, जागा राखून ठेवायला? ही खाजगी गिरणी आहे."

"सरकारात कागद लागते, साहेब," बाप म्हणाला, आणि खिशावर हात ठेवला. "इथं तं नुसतं काम लागते. कामाले आमी कवा नाई म्हटलं?"

मॅनेजरनं त्या दिवशी त्याला जायला सांगितलं. आठ दिवस तिसऱ्या पाळीचा भोंगा वाजला आणि आमच्यातलं कोणी कामावर आलं नाही. नव्या शेडमधले नवे कोरे साचे तसेच उभे राहिले. नवव्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर कागद लागला. चार जागा दिल्या होत्या, पण अटी घालून. चौघांचे साचे शेडच्या एका कोपऱ्यात राहतील. ते फक्त सकाळच्या पाळीला चालतील, बाकी दोन पाळ्या बंद. त्यांचे धोटे वेगळे, लाल पट्टा मारलेले. ते इतर धोट्यांत मिसळायचे नाहीत. मुदत तीन महिने. चौघांपैकी कोणाचंही काम इतर साचेवाल्यांहून कमी पडलं, तर चारही जागा बंद.

मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा भोवती पन्नास-साठ माणसं होती. शेवटचं वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. एक चुकला की चारही बुडाले, आणि आपल्या वस्तीतल्या माणसानं पुन्हा कधी साच्याचं नाव काढायचं नाही, असा त्याचा अर्थ होता. बाप म्हणाला, "चारमंदी एक हा," आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते आज सांगता येत नाही.

आम्ही चौघं साचेखात्याच्या दारातून आत गेलो आणि कान बंद झाले. शंभर साचे एकदम चालतात तेव्हा दोन साचे पलीकडचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून विणकर हातानं बोलतात. कांडी हवी, मुकादम आला, चहा, तंबाखू, मॅनेजर, सगळ्याला खूण होती. आमच्यासाठीही एक खूण तयार झाली होती. दोन बोटं ओठांवर टेकवायची आणि झटकायची. आम्ही रांगेतून चालत गेलो तसतशी ती बोटं पुढं पुढं झटकली जात होती. मला वाटलं होतं तिथं गेल्यावर मला भीती वाटेल. पण मला इतका राग आला की भीतीला जागाच उरली नाही.

काम शिकवणार कोण, हा पुढचा प्रश्न. साच्याचं काम कोणी पाटीवर लिहून शिकवत नाही. विणकराच्या बाजूला उभं राहून शिकायचं असतं. आणि तो धोटा हातात देणार, तेव्हा शिकणार. साचेखात्याचा जॉबर म्हणजे साचे जुळवून देणारा मुकादम. माणसं ठेवणं-काढणंही त्याच्याच हातात. काळी टोपी, कानाला पेन्सिल, आणि चाल अशी की जणू गिरणी त्याच्या आजोबांनी बांधली. त्यानं पहिल्याच दिवशी हात वर केले. "मायाजवळ शिकवाले माणूस नाई."

तेव्हा बाळापूरकडचा एक मोमीन विणकर पुढं आला. घरचा हातमाग सोडून तो गिरणीत आला होता. साठीला टेकलेला, दाढी मेंदीनं रंगवलेली. मुसलमान विणकरांची रांग आधीपासूनच वेगळी होती, पण त्यांच्या धोट्यांना कोणी पट्टे मारले नव्हते. तो हिशेब मला आजवर कळला नाही. सगळे त्याला चाचा म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो.

चाचानं पहिल्या दिवशी लाल पट्ट्याचा धोटा उचलला, तोंडाला लावला, सूत ओढलं आणि तसाच ओला धोटा माझ्या हातात दिला. "ले बेटा. होंठ से नहीं, सांस से खींच. होंठ से खींचेगा तो दोपहर तक मुंह सूज जाएगा."

मी ओढलं. सूत आलं नाही, रुईचा भुसा घशात गेला आणि ठसका लागला. चाचा मोठ्यानं हसला, म्हणजे हसताना दिसला. ऐकू काही आलं नाही. चौथ्या दिवशी सूत पहिल्या श्वासाला यायला लागलं. दहाव्या दिवशी मी दोन साचे एकटा चालवायला लागलो.

आमच्यातला एक पहिल्या महिन्यातच म्हणाला, "मी तं चाललो वापस रिंगात. इथं लोकं असे पाह्यतात जसं आपून चोरी करून राहिलो." मी त्याला अंगणात गाठून इतक्या शिव्या दिल्या की त्याची माय तिथं असती तर तिनं मला मारलं असतं. मी म्हटलं, तू गेला तर तू एकटा नाही जात, तुझ्यासंगं आठ दिवस घरी बसलेली सगळी माणसं जातात. तो दुसऱ्या दिवशी माझ्या आधी साच्यावर हजर होता. पुढं चौघांत तोच सगळ्यात चांगला विणकर निघाला, आणि ते त्यानं मला आयुष्यभर ऐकवलं.

खरा त्रास जॉबरनं दिला. साचा बिघडला की जॉबरनं येऊन जुळवायचा. इतरांकडे तो लगेच जायचा. आमच्याकडे तासाभरानं यायचा, नुसता पाहून जायचा, पुन्हा अर्ध्या तासानं यायचा. तेवढ्यात कापडात चूक पडायची, आणि चूक आमच्या नावावर जायची. चाचानं यावर उपाय सांगितला. "बिगड़ने के बाद क्यों बुलाता? बिगड़ने से पहले सुन." साचा बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो. पट्टा सैल झाला की ठोका किंचित मागं पडतो. शंभर साच्यांच्या गदारोळात आपल्या दोनांचा ठोका वेगळा ऐकायला मी शिकलो. पंधरा दिवस काहीच कळलं नाही. मग एका दुपारी कळलं, आणि कळल्यावर ते विसरता येईना. जेवताना, रस्त्यानं चालताना कान तोच ठोका शोधायचा. पट्टा सैल पडायच्या आत मी तो आवळून घ्यायला लागलो. जॉबरला बोलवायची वेळच येईना. यानं जॉबर खूष व्हायला हवा होता, पण तो जास्तच चिडला.

एकदा विणकाम मास्तर, हा बाहेरगावाहून आलेला शिकलेला माणूस, माझ्या साच्याजवळ थांबला आणि कौतुकानं म्हणाला, "तुमच्या लोकांच्या रक्तातच ताल असतो." आमचे आजे-पणजे लग्नात डफडं वाजवायचे, हे त्याच्या मनात असणार. बापानं दीक्षेनंतर ते डफडं विहिरीत टाकलं होतं. मी म्हटलं, "रक्तात नाही साहेब, कानात आहे. दोन महिने उभं राहून शिकलो." मास्तर चपापला, पण रागावला नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेला.

तीन महिने संपले त्या सकाळी मॅनेजर, मास्तर आणि जॉबर असे तिघं आमच्या कोपऱ्यात आले. आमचं कापड तपासणीच्या खिडकीशी आधीच पाहून झालं होतं. चुका इतरांहून कमी निघाल्या होत्या, हे मास्तरच्या वहीत होतं. मॅनेजरला तर ते हवंच होतं, कारण आमचे आठ साचे दोन पाळ्या उभे राहत होते आणि उभा साचा पाहून त्याच्या डोक्याला कळ यायची. आता नुसतं 'ठीक आहे' म्हणायचं बाकी होतं. तेवढ्यात जॉबरनं कानाची पेन्सिल काढली. साच्यांच्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला, "कापड ठीक असन साहेब, पण वेळ पाहा! कांडी बदलाले हे पोट्टे किती वेळ लावतात ते पाहा! साचा उभाच राह्यते याईचा!"

मास्तरनं घड्याळ काढलं. माझ्याच साच्याची कांडी संपत आली होती. चारही जागा आता माझ्या एका श्वासावर आल्या, हे मला कळत होतं. पलीकडे आमचे तिघं हातातलं काम सोडून माझ्याकडे पाहत होते. साचा थांबला. मी धोटा काढला, कांडी बदलली, धोटा तोंडाला लावला. घाईत ओठांनीच ओढलं. सूत पहिल्या श्वासाला आलं नाही, दुसऱ्याला आलं. मी धोटा टाकून साचा सुरू केला.

"पाह्यलं?" जॉबर जवळजवळ नाचला. "दोन डाव वढलं! याले काम म्हणतात?" आणि त्यानं माझा साचा बंद केला. धोटा बाहेर काढला, भरलेली कांडी उपसून फेकली, माझ्या पेटीतली नवी कांडी घातली. "काम असं राह्यते, साहेब!"

आणि त्यानं धोटा तोंडाला लावला.

जॉबर व्हायच्या आधी त्यानं पुष्कळ वर्षं साचे चालवले होते. कांडी बसली की धोटा तोंडाशी जायचा, ही त्याच्या हाताची सवय होती. हातानं त्याला विचारलंच नाही. सूत एका श्वासात बाहेर आलं, सफाईनं, आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर तो लाल पट्टा आला. माझ्या तोंडाची ओल अजून त्या डोळ्यावर होती.

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. मला वाटलं आता तो थुंकेल, उपरण्यानं ओठ पुसेल. त्यानं पुसले नाहीत. पुसले असते तर कबूल केल्यासारखं झालं असतं. तो तसाच उभा राहिला, ओठ मिटलेले, जणू तोंडातली चूक बाहेर पडायला नको. शेजारच्या साचेवाल्यानं पाहिलं. त्यानं पुढच्याला खूण केली, दोन बोटं ओठांवर. पण या वेळी ती झटकली नाहीत, जॉबरकडे वळवली. खूण रांगेतून रांगेत गेली. भोंगा एकदा वाजून थांबायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचली. शंभर साचे धडधडत होते आणि माणसं आवाज न करता हसत होती.

चाचा आपले साचे सोडून आला. त्यानं जॉबरच्या कानाशी तोंड नेऊन, पण मलाही ऐकू जाईल असं म्हटलं, "क्या जॉबर साब? जायका कैसा है?"

जॉबरनं धोटा साच्यात टाकला, साचा सुरू केला आणि मॅनेजरकडे न पाहता म्हणाला, "ठीक हाय काम याईचं. चालू द्या." मॅनेजरला काय झालं ते अर्धंच कळलं होतं. मास्तरला पूर्ण कळलं. त्यानं वहीत खूण केली, घड्याळ खिशात टाकलं आणि माझ्याकडे पाहून भुवई उडवली. आमच्या चार जागा कायम झाल्या.

पण मी सांगतो ती गोष्ट त्यापुढची आहे. पाळी सुटली तेव्हा आम्ही चौघं, साच्याला दोन याप्रमाणे, आपले सोळा धोटे वेगळ्या पेटीत ठेवत होतो. जॉबर आला. हातात घासलेटचं भांडं आणि चिंधी. त्यानं पेटी पायानं आपल्याकडे ओढली, खाली बसला आणि एकेका धोट्याचा लाल पट्टा पुसायला लागला. आम्ही पाहतच राहिलो. मी म्हटलं, "काय करून राहिले, जॉबर?"

"दिसत नाई काय?" तो वर न पाहता म्हणाला. "रंग कावून मारला याले? धोटा हाय का नवरदेव? कोनता कोनाचा, याची बोंब मारून काई फायदा हाय का?" सोळाही धोटे पुसून झाले. ते त्यानं उचलले आणि शेडच्या मोठ्या पेटीत, सगळ्यांच्या धोट्यांत, ओतून दिले. मग हात घालून घुसळले.

माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला. त्यानं ज्या धोट्याला तोंड लावलं, तो आता कोणालाही दाखवता येणार नव्हता. स्वतःचं तोंड वाचवायला त्यानं सगळ्या साचेखात्याची तोंडं एका पेटीत घातली. त्याच्या मनात आमच्याबद्दल माया आली, असं कोणी म्हणू नये. मला त्याची माया नकोच होती. जागा हव्या होत्या, त्या मिळाल्या होत्या. दुसऱ्या पाळीचे साचेवाले आत आले, त्यांनी पेटीतून धोटे उचलले, कोणी उलटून पाहिले, कोणी वास घेतला. एकानं कुरकुर केली तर चाचा म्हणाला, "तो पहले जॉबर को निकालो ना भाई." माणसं ठेवणं-काढणं जॉबरच्याच हातात होतं. कुरकुर तिथंच संपली. भोंगा वाजला, कांड्या बसल्या, आणि पन्नास तोंडं पन्नास धोट्यांना लागली. मी दारात उभा राहून ते पाहिलं. इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालानं दिला नव्हता. मी अंगण पळत ओलांडलं आणि बापाला सांगायला गेलो.

पुढच्या वर्षी आणखी शेड झाली, तेव्हा आमच्या लोकांनी सहा जागा मागितल्या आणि आठ मिळाल्या. कारण आमचे साचे आता तिन्ही पाळ्या चालत होते आणि मॅनेजरचं डोकं दुखायचं थांबलं होतं. नव्या पोरांना मी शिकवलं. होंठ से नहीं, सांस से, हे चाचाचं वाक्य मी त्याच्याच भाषेत म्हणायचो; मराठीत ते जमत नसे. साठ साल उलटून गेलं तोवर आमच्या वस्तीत विणकरांची अख्खी ओळ झाली होती. अमरावतीच्या त्या कारकुनाची मला अधूनमधून आठवण यायची. त्याला सांगावंसं वाटायचं, शब्द खोडला नाही, तरी काम झालं.

बाप मात्र त्या दारातून आत आला नाही. मी कितीदा म्हटलं, "बा, ये ना एक डाव." तो म्हणायचा, "मायं काम तिकडं हाय. तुयं काम इकडं." मग त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. खोकल्यानं तो अर्धा झाला होता, रुईच्या धुळीनं छाती भरली होती. शेवटच्या पाळीत त्यानं शेवटची गाठ फोडली, अंगावरचा कापूस झटकला, अंगण ओलांडलं आणि साचेखात्याच्या उंबऱ्यावर येऊन थांबला. मी त्याला हाताला धरून आत आणलं. जॉबर म्हातारा झाला होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि लांबच्या एका साच्यात डोकं घातलं.

बापानं माझ्या साच्यासमोर उभं राहून कापड बोटांत धरलं. ते चांगलं चोळून पाहिलं. मी साचा थांबवला, कांडी बदलली आणि धोटा त्याच्या हातात दिला. तोंडाला लावून श्वास ओढायची खूण केली.

त्यानं ओढलं. सूत आलं, त्यासंगं तोंडभर भुसा आला. तो खोकला, डोळ्यांत पाणी आलं, जिभेवरचा कापूस त्यानं बोटानं काढला आणि तळहातावर घेऊन पाहत राहिला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "एवढ्याच्यासाठी होतं काय रे, बाबू, ते सारं?"

मी मान हलवली. तो हसायला लागला. इतका हसला की त्याला साच्याची कड धरावी लागली, आणि आजूबाजूचे विणकर, सगळ्या जातींचे, त्याच्याकडे पाहून हसायला लागले. मग त्यानं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

"दे," तो म्हणाला. "आखीन एक कांडी दे. मी लावतो."